शब्दांवरचे खटले : लोकमान्य टिळकांच्या जीवनातील एक धडा

शेंगांच्या टरफलांची गोष्ट न ऐकता मराठी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी विरळाच. वर्गात टरफले सापडली, ती कोणी टाकली हे कळेना, म्हणून गुरुजींनी साऱ्या वर्गाला शिक्षा फर्मावली आणि एका मुलाने ती घेण्यास ठामपणे नकार दिला. या गोष्टीत आख्यायिकेचा अंश किती, हा प्रश्न अलाहिदा. महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे मराठी कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावली आणि त्यांनी आपल्या मुलांसाठी मराठी शाळा काढल्या, तिथे तिथे १ ऑगस्टच्या भाषणांतून ती पोहोचली आहे. ती बहुधा मुलाच्या नकारापाशी संपते. परंतु गोष्टीत आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे गुरुजी. नकार ऐकल्यावर त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या : नकारामागचे कारण समजून घ्यायचे, किंवा नकार हाच गुन्हा ठरवायचा.

बाळ गंगाधर टिळक यांच्या पुढील आयुष्यात हाच प्रश्न शाळेतून न्यायालयात गेला. १८९७, १९०८ आणि १९१६ अशा तीन वेळा त्यांना राजद्रोहाच्या आरोपाला तोंड द्यावे लागले. या तिन्ही प्रसंगी त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. होते ते लेख आणि भाषणे. त्या तीन खटल्यांच्या प्रकाशात त्यांचे चरित्र पाहिले, तर निषेधाला गुन्हा ठरवणाऱ्या सत्तेचे आणि तो निषेध सहन करू शकणाऱ्या लोकशाहीचे अंतर स्पष्ट दिसू लागते.

शिक्षक आणि संपादक

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. आई पार्वतीबाई लवकरच निवर्तल्या आणि १८७२ मध्ये वडिलांचे छत्रही हरपले. डेक्कन कॉलेजातून १८७६ मध्ये बी. ए. आणि त्यानंतर १८७९ मध्ये एल्एल. बी. झालेल्या या बुद्धिमान तरुणाला सरकारी नोकरी किंवा वकिली सहज लाभली असती. परंतु विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासह त्यांनी शिक्षणाचे क्षेत्र निवडले. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. टिळक तेथे गणित शिकवीत असत. मतभेदांमुळे १८९० मध्ये ते संस्थेतून बाहेर पडले, तरी त्यांच्यातील शिक्षक कधीच निवृत्त झाला नाही. वर्गाची जागा तेवढी 'केसरी'च्या अग्रलेखाने घेतली.

पत्रकारितेच्या आरंभीच त्यांना तुरुंगाचे दर्शन घडले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ सोसावा लागतो, अशा आशयाचा मजकूर दोन्ही पत्रांत छापला गेला. ज्या पत्रांच्या आधारे तो लिहिला, ती बनावट निघाली. १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. हा प्रसंग चरित्रात गौरवाने सांगितला जातो, परंतु त्याचा बोध अधिक गंभीर आहे. छापलेला शब्द खोटा निघाला, त्याने एखाद्या व्यक्तीची हानी केली, तर लेखकाने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. ती जबाबदारी दोघांनीही घेतली. पुढच्या खटल्यांचे स्वरूप मात्र याहून अगदी वेगळे होते. तेथे मजकूर खरा की खोटा, हा मुख्य प्रश्न उरलाच नव्हता. वाचकाच्या मनात सरकारविषयी कोणती भावना निर्माण झाली, याचा न्याय तेथे व्हावयाचा होता.

दुष्काळ, प्लेग आणि पहिला खटला

१८९६ च्या अखेरीस मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला. पीक बुडाल्यास शेतसाऱ्यात सूट मिळावी, अशी तरतूद सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत होती. परंतु शेतकऱ्याला ती ठाऊक नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांत जाऊन हे नियम लोकांना समजावून सांगितले. 'केसरी'ने तोच विषय लावून धरला. सरकारने केलेला कायदा लोकांना सांगणे, एवढेच हे काम होते. तरीही कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

त्याच सुमारास मुंबईतला प्लेग पुण्यात पोहोचला. १८९७ चा साथरोग कायदा झाला, डब्ल्यू. सी. रँड यांची नेमणूक झाली आणि गोरे सैनिक घराघरांत शिरून तपासणी करू लागले. स्वयंपाकघरे व देवघरे तुडवली गेली, स्त्रियांच्या अप्रतिष्ठेच्या तक्रारी झाल्या, सामानाची नासधूस झाली. उपाययोजना आवश्यक आहे, हे टिळकांना मान्य होते. इतर पुढारी शहर सोडून गेले असता ते पुण्यातच राहिले आणि रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप होता तो अंमलबजावणीतील जुलमाला. अर्ज-विनंत्यांचा उपयोग होत नव्हता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्या मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड काही दिवसांनी मरण पावले.

टिळकांचा या कटाशी संबंध सिद्ध करणारा पुरावा सरकारजवळ नव्हता. मग १५ जूनच्या 'केसरी'तील शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता यांवर बोट ठेवण्यात आले. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. त्या वेळी ते मुंबई कायदेमंडळाचे निवडून आलेले सदस्य होते. त्याच दिवसांत पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली स्थानबद्ध करण्यात आले. त्यांच्यावर तर खटलाही झाला नाही. टिळकांच्या बचावासाठी मदत आली ती केवळ महाराष्ट्रातून नव्हे. बंगालमधून निधी जमला आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. त्या अर्जावर टिळकांची बाजू मांडणारे वकील होते दिनशा दावर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. राजद्रोहाचे कलम १२४-अ दंडसंहितेत १८७० साली घातले गेले होते. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा त्यातील गुन्हा. या अप्रीतीचा अर्थ न्यायमूर्तींनी ज्यूरीला सांगितला तो असा की, सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. या अर्थाने पाहिले तर दंगा घडला की नाही, कोणी लेख वाचून शस्त्र उचलले की नाही, हे सिद्ध करण्याची गरजच राहत नव्हती. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी गृहस्थ होते. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष म्हटले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे त्यांच्या वतीने अपिलाची परवानगी मागणारे वकील होते हर्बर्ट अॅस्क्विथ. ती परवानगी नाकारली गेली.

शिक्षेचा काळ डोंगरी, भायखळा आणि येरवडा येथे गेला. ऋग्वेदाच्या काळाविषयीच्या संशोधनामुळे टिळकांचे नाव युरोपातील पंडितांत आदराने घेतले जात होते. मॅक्समुल्लर आदी विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी विनंती केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीपूर्वी सहा महिने, ते बाहेर आले. दरम्यान सरकारने न्यायमूर्तींच्या व्याख्येला अनुसरून कलम १२४-अ अधिक व्यापक केले आणि निरनिराळ्या वर्गांत वैरभाव पसरवण्याविषयीचे कलम १५३-अ नव्याने जोडले. एका संपादकावरील खटल्यातून साऱ्या देशासाठी अधिक कडक कायदा जन्माला आला.

मराठी शब्द आणि परभाषी ज्यूरी

१९०५ च्या वंगभंगानंतर देशाचे वातावरण पालटले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री घेऊन टिळक देशभर वावरू लागले. लाला लजपतराय, बिपिनचंद्र पाल आणि टिळक ही नावे एका दमात घेतली जाऊ लागली. दूर दक्षिणेत तुतिकोरिनला स्वदेशी जहाज कंपनी काढणारे चिदंबरम पिल्लई टिळकांना आपले राजकीय गुरू मानीत. उलट दिशेने कायद्यांचा फास आवळत चालला होता. १९०७ च्या मे महिन्यात लजपतराय आणि अजितसिंग यांना कोणताही खटला न चालवता मंडालेस पाठवण्यात आले. त्याच वर्षी सभाबंदीचा कायदा झाला. १९०८ च्या आरंभी पुण्यात दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरण्याची विनंती करणाऱ्या स्वयंसेवकांवरही खटले झाले.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बॉम्बने, ज्यांचा काही संबंध नव्हता अशा दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. टिळकांनी 'केसरी'त या विषयावर लेखमाला लिहिली. १२ मेच्या लेखाचे शीर्षक होते 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनच्या लेखाचे 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. अत्याचाराचे समर्थन करता येत नाही, परंतु लोकांचे म्हणणे ऐकण्याची सनदशीर दारे एकामागून एक बंद केली, तर असंतोषाला वाईट वाट सापडते आणि दडपशाहीने तो शमत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. बॉम्बला खरा उतारा राजकीय हक्क देणे हाच आहे, असे ते सांगत होते. नेमक्या त्याच दिवसांत, ८ जून रोजी, वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा अधिकार देणारा नवा कायदा मंजूर झाला. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांना अटक झाली आणि २४ जून रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांनाही पकडण्यात आले.

हा दुसरा खटला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे आला. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांसाठी जामीन मिळवला होता, तेच आता न्यायासनावर होते. बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी केलेला जामीन अर्ज त्यांनी फेटाळला. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांची बाजू मांडणारे अॅस्क्विथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले होते. यावरून व्यक्तींना दोष देणे सोपे आहे. परंतु कायद्याची रचनाच अशी असेल की निषेध आणि गुन्हा यांतील रेषा सत्तेने आखावी, तर सुशिक्षित आणि विचारी माणसेही त्या यंत्रणेचे भाग बनून जातात. हा या इतिहासाचा अधिक कठोर निष्कर्ष आहे.

१३ जुलै रोजी सुनावणी सुरू झाली. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते. वादाचा विषय होते मराठी लेख, आणि ज्यूरीतील युरोपीयांना मराठी येत नव्हते. सारा आरोप सरकारी इंग्रजी भाषांतरावर उभा होता. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी घेतली. एकेका मराठी शब्दासाठी वापरलेला इंग्रजी शब्द मूळ अर्थाहून कसा तीव्र आहे, मूळ वाक्याचा रोख कसा बदलला आहे, हे ते दाखवीत गेले. मराठीच्या विद्यार्थ्याने या खटल्याचा हा भाग अवश्य वाचावा. शब्दाची छटा हा केवळ व्याकरणाचा किंवा अलंकाराचा विषय नसतो. तिच्यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते.

घरझडतीत सापडलेले एक कार्डही पुराव्यात आले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या स्फोटक कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपून ठेवल्याचा खुलासा टिळकांनी केला. एकूण २१ तास १० मिनिटे ते बोलले. आपल्या सुटकेची त्यांना फारशी आशा नव्हती. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य ज्यूरीच्या हाती आहे, हे त्यांना पटवून देण्याची ती धडपड होती. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे शांतपणे सांगितले आणि ज्यूरीहून वरिष्ठ अशा शक्तीवर आपला विश्वास प्रकट केला. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला, तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी आपला निकाल वेगळ्या रीतीने दिला. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस, असा संप त्यांनी पाळला. बाजारपेठा बंद राहिल्या. लष्कर बोलावले गेले आणि गोळीबारात माणसे मेली. यातील बहुसंख्य कामगारांना 'केसरी' वाचताही येत नसेल. परंतु आपल्या वतीने बोलणाऱ्याचे तोंड बंद केले गेले, एवढे त्यांना नीट उमगले होते. त्याच जुलै महिन्यात तिरुनेलवेलीच्या न्यायालयाने चिदंबरम पिल्लई यांना राजद्रोहासाठी जन्मठेप सुनावली होती. मराठी, बंगाली, पंजाबी, तमिळ अशा सर्व भाषांतील असंतोषाला एकाच कलमाने बांधले गेले, आणि त्यामुळेच तो असंतोष एका देशाचा आहे, याची जाणीव अधिक दृढ झाली.

मंडाले

शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले आणि साबरमतीमार्गे टिळकांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि थंडीत बोचणाऱ्या लाकडी खोलीत त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. मधुमेहाने शरीर पोखरले होते. वर्तमानपत्र मिळत नव्हते, पत्रांवर निर्बंध होते. ग्रंथ मात्र मिळत, तेही तपासणीनंतर. त्यांनी जर्मन, फ्रेंच यांसारख्या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. कर्म सोडून देण्यात मोक्ष नाही, फळाची आसक्ती न ठेवता कर्तव्य करीत राहण्यातच तो आहे, हा त्या ग्रंथाचा सिद्धान्त. कर्म करण्याची सर्व साधने हिरावून घेतलेल्या माणसाने तो मांडावा, यातच त्या ग्रंथाचे वजन आहे.

जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. पतीची वार्ता तिकडून येईल ती तेवढीच, भेट जवळजवळ अशक्य, अशा अवस्थेत त्यांनी अखेरची चार वर्षे काढली होती. ही बातमी मंडालेच्या तुरुंगात तारेने पोहोचली. चरित्रग्रंथांत या बाईंना जागा थोडी मिळते. परंतु शब्दांच्या गुन्ह्याची शिक्षा फक्त लिहिणारा भोगत नाही. घरातली माणसेही ती भोगतात, आणि त्यांच्या नावाने कोणताही निकाल लागलेला नसतो.

तिसरा खटला

१९१४ च्या जूनमध्ये टिळक परतले. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली आणि बेळगाव व अहमदनगर येथील सभांत त्यांनी स्वराज्याची मागणी साध्यासोप्या मराठीत लोकांपुढे ठेवली. राजा आणि नोकरशाही यांत फरक आहे, कारभार करणाऱ्यांचे दोष दाखवणे म्हणजे राज्याचा द्रोह नव्हे, हा त्या भाषणांचा गाभा होता. २३ जुलै रोजी पुण्यात त्यांची साठी साजरी झाली. लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, जी त्यांनी राष्ट्रकार्यालाच दिली. त्याच दिवशी सरकारची नोटीस आली. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, असा तिचा आशय. पुण्याच्या जिल्हा न्यायाधिकाऱ्यांनी तसा हुकूमही दिला.

या वेळी उच्च न्यायालयात जीना यांनी टिळकांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लुभाई शहा यांनी नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेचून न काढता भाषण सबंध वाचले पाहिजे आणि श्रोत्यांवर त्याचा स्वाभाविक परिणाम काय झाला असता, हे पाहिले पाहिजे, अशी दृष्टी न्यायालयाने स्वीकारली. कलम तेच, वक्ता तोच, मागणी पूर्वीहून अधिक मोठी. तरी निकाल बदलला. न्यायासनाने शब्दांकडे पाहण्याची रीत बदलली, एवढ्यानेच हे घडले. स्वराज्याची मागणी करणे गुन्हा नाही, हे या निकालाने लोकांच्या मनात पक्के झाले आणि होमरूलची चळवळ गावोगाव उघडपणे पसरली. निषेधाला उघड वाट मिळाली की तो सभेत, ठरावात आणि सहीच्या अर्जात प्रकट होतो, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

१ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी अहमदाबादच्या न्यायालयात महात्मा गांधी याच कलमाखाली उभे होते. त्यांनी आरोप कबूल केला आणि प्रीती ही कायद्याने उत्पन्न करता येत नाही, ही साधी गोष्ट न्यायाधीशांच्या नजरेस आणली. शिक्षा सुनावताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला घेतला आणि तेवढीच, सहा वर्षांची शिक्षा दिली.

वारसा

लोकमान्यांची सर्वच मते आजच्या वाचकाला पटतील, असे नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. पुण्यात १८८४ मध्ये निघालेल्या मुलींच्या हायस्कुलातील अभ्यासक्रमावर त्यांच्या पत्रांनी प्रखर टीका केली. या बाबतीत काळाने आगरकरांना कौल दिला, आणि आज मराठी शाळांच्या वर्गांत निम्म्या बाकांवर बसलेल्या मुली हा त्याचा पुरावा आहे. परंतु टिळकांवरील खटल्यांचा अन्याय यामुळे तसूभरही कमी होत नाही. बोलण्याचा हक्क आपल्याला पटणाऱ्या माणसापुरता राखला, तर तो हक्क उरत नाही, ती मेहेरबानी होते. पुण्याने त्या काळी टिळक आणि आगरकर या दोघांनाही ऐकले, 'केसरी'ला 'सुधारका'ने उत्तर दिले. दोघांपैकी एकाचा आवाज कायद्याने बंद केला असता, तर दुसऱ्याचे म्हणणे खरे कसे ठरले असते?

स्वातंत्र्यानंतर घटना समितीने या इतिहासाची आठवण ठेवली. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत सुरुवातीला असलेला राजद्रोह हा शब्द १९४८ मध्ये क. मा. मुन्शी यांच्या सूचनेवरून गाळला गेला. १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली होती त्याच्या बाहेर, मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या हस्ते स्मृतिफलक लावण्यात आला. ज्या न्यायमंदिराने शिक्षा दिली, त्यानेच ती चूक होती असे म्हणावे, हे लोकशाहीच्या सामर्थ्याचे लक्षण आहे.

तरीही दंडसंहितेतील कलम १२४-अ जागेवरच राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, परंतु हिंसेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या भंगाला चिथावणी देणाऱ्या शब्दांपुरतेच त्याचे क्षेत्र मर्यादित केले. १८९७ च्या व्याख्येशी न्यायव्यवस्थेने घेतलेली ही फारकत होती. उलट १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र करून, वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार पोलिसांना दिला. परकीय राजवटीतही तो नव्हता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, परंतु देशाचे सार्वभौमत्व व ऐक्य धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आहे. शब्द बदलला, तरी जुना प्रश्न नव्या वाचनात जागा ठेवावाच लागेल : येथे शिक्षा कशाला होणार, कृतीला की नाराजीला?

हिंसेला शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. लोकशाहीत सरकार लोकांनी निवडलेले असते, म्हणून त्याला अधिक आज्ञाधारकपणा अपेक्षित धरण्याचा अधिकार आहे, असे काहींना वाटते. वस्तुतः लोकांनी निवडलेले म्हणूनच ते टीकेला अधिक बांधलेले असते. मतदान पाच वर्षांतून एकदा होते. मधल्या काळात लोकांचे दुःख राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचवणारे साधन म्हणजे लेख, सभा, मोर्चा आणि निषेध. ते साधन गुन्हा ठरले तर नागरिक गप्प होतील, पण समाधानी होणार नाहीत. आणि राज्यकर्त्यांना या दोहोंतला फरक कळेनासा होईल. १९०८ च्या लेखांतून टिळक परक्या सरकारला हेच सांगत होते. ते ऐकले गेले नाही.

साठ वर्षांत एका शाळेतून हजारो मुले बाहेर पडतात. त्यांतील काही आज शिक्षक आहेत, काही अधिकारी, काही न्यायालयांत आणि कचेऱ्यांत निर्णय घेणारे, आणि बहुतेक जण आईवडील आहेत. टरफलांची गोष्ट त्यांनी लहानपणी त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून ऐकली असेल. आता वयाने आणि अधिकाराने ते गुरुजींच्या जागी आले आहेत. घरात, कचेरीत वा वर्गात कोणी उभे राहून नाही म्हणेल, तेव्हा शिक्षेचा शब्द उच्चारण्यापूर्वी कारण विचारण्याइतका धीर त्यांनी दाखवला, तर लोकमान्यांच्या चरित्रातील हा धडा त्यांनी खऱ्या अर्थाने गिरवला, असे म्हणता येईल.